दहाच्या आतल्या हातांची तब्येत कोण बघणार?

रमजान सुरू झाला की सांगलीच्या कापड पेठेचे, मिरजेच्या लक्ष्मी मार्केटचे आणि साताऱ्याच्या खण आळीचे घड्याळ बदलते. सकाळची वर्दळ कमी होते, संध्याकाळनंतर गर्दी वाढते. नोकर रोजेदार असला तर मालक त्याला इफ्तारच्या आधी सोडतो आणि त्याच्या जागी तेवढ्यापुरते दुसरे कोणी गादीवर बसते. भट्टीपुढे उभे राहणाऱ्याला दुपारी जरा आडोशाचे काम मिळते. पोती उचलायची असली तर ती सकाळीच हलवून घेतली जातात. मालक जैन असो, लिंगायत असो, मराठा असो की मुसलमान, हे जुळवून घेणे तोंडी होते. त्याला सरकारी परिपत्रक लागत नाही, सल्लागार लागत नाही आणि फारसा पैसाही लागत नाही. सगळीकडे असे घडते असे नाही. पण जिथे घडते तिथे त्यात कोणाला विशेष काही वाटत नाही.

माणसाचे शरीर आज किती पेलू शकते ते आधी पाहायचे आणि त्याप्रमाणे काम बसवायचे. ‘कामाच्या ठिकाणचे आरोग्य संवर्धन’ अशा जड नावाने जगभर जे सांगितले जाते त्याचा गाभा एवढाच आहे. मग जे एक महिना सहज जमते ते उरलेले अकरा महिने का जमत नाही? आणि छोट्या धंद्यांना त्यात आणायचे असेल तर ते कोणी आणि कसे आणायचे? हा प्रश्न नेमका आत्ता विचारण्यालाही कारण आहे.

कायद्याची रेघ आणि रेघेखालची माणसे

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या. चाळिशी ओलांडलेल्या कामगाराची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी मालकाने करून द्यायची, ही त्यातली बरीच गाजलेली तरतूद. पण ज्या संहितेत ती आहे ती काही अपवाद सोडले तर दहा किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आहे. त्याच्या दोनच महिने आधी, सप्टेंबर २०२५ मध्ये, राज्य मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापना कायद्यातल्या बदलांना मंजुरी दिली. २०१७ चा हा कायदा दहा किंवा अधिक कामगारांच्या दुकानांना लागू होता. ती मर्यादा वीसवर नेण्याचे ठरले. रोजचे कामाचे तास नऊवरून दहा करण्याचेही ठरले.

म्हणजे एकीकडे आरोग्याचे वचन आले आणि दुसरीकडे कायद्याची रेघ वर सरकली. रेघेखाली किती जण राहिले, हे सहाव्या आर्थिक गणनेवरून कळते. २०१३-१४ च्या त्या गणनेत देशात सुमारे ५ कोटी ८५ लाख आस्थापना मोजल्या गेल्या. त्यातल्या ९५ टक्क्यांहून अधिक ठिकाणी काम करणारी माणसे एक ते पाच इतकीच होती. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापना भरल्या अवघ्या १.३७ टक्के. यात एकट्याने धंदा करणारेही आले हे खरे. पण कायद्याचे आरोग्यविषयक बोलणे शंभरातल्या जेमतेम दीड धंद्यांशी चालू असते, हा हिशेब त्याने बदलत नाही.

आजार मात्र रेघ पाहून येत नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे, आणखी १५.३ टक्के त्याच्या उंबरठ्यावर आहेत आणि ३५.५ टक्के लोकांचा रक्तदाब वाढलेला आहे. सहा माणसांच्या दुकानात हा हिशेब लावला तर दोघांचा रक्तदाब वाढलेला निघतो, आणि त्या दोघांत एक खुद्द मालकही असू शकतो.

दोन जिल्ह्यांतली कामे

सातारा आणि सांगलीत मोठे कारखाने आहेत, साखर कारखाने आहेत, एमआयडीसी आहेत. पण या जिल्ह्यांची खरी ओळख छोट्या, जुन्या, हातावरच्या धंद्यांची आहे, आणि प्रत्येक धंद्याचे दुखणे वेगळे आहे.

सध्या सांगलीत हळदीचा हंगाम आहे. भौगोलिक मानांकन मिळालेली ही हळद बाजार समितीत सौद्याला येते, तेव्हा तिच्यामागे पॉलिश करणारे, चाळणारे, पोती भरणारे, शिवणारे आणि पाठीवर वाहणारे हात असतात. धूळ नाकातोंडात जाते, भार कमरेवर आणि गुडघ्यावर येतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्येच शिफारस केली होती की प्रौढ पुरुषाने एका वेळी ५५ किलोंहून अधिक ओझे हाताने वाहू नये. पोते ५० किलोचे असावे ही हमाल संघटनांचीही जुनी मागणी. साठ वर्षे होत आली तरी पाठीवरच्या पोत्याचा वाद संपलेला नाही.

विट्याच्या यंत्रमागांवर दोन माणसांना एकमेकांशी बोलायचे तर खुणा कराव्या लागतात. कारखान्यांच्या आदर्श नियमांत आठ तासांसाठी आवाजाची मर्यादा ९० डेसिबल आहे. मागांच्या शेडमध्ये ती पाळली जाते का हे मोजणारे कोणी फिरकत नाही. वर सुताची कस आणि बारा-बारा तासांच्या पाळ्या. कान हळूहळू जातात, म्हणून ते गेल्याचे कळत नाही.

खानापूर-आटपाडी आणि शेजारच्या खटाव भागातले गलाई व्यावसायिक सोन्या-चांदीची आटणी करत देशभर पसरले आहेत. त्यांचे दुकान म्हणजे बहुधा एक छोटी खोली, भट्टी, तेजाब आणि दोन-चार माणसे, त्यातली बरीच नात्यातली. तेजाबाचा धूर बाहेर काढणारा पंखा आणि चिमणी नीट आहे की नाही, यावर त्या माणसांची फुप्फुसे अवलंबून असतात.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत काम नाजूक आहे, पण शरीराला सोपे नाही. भोपळा घासणे, लाकूड तासणे, मान वाकवून तासन्‌तास नक्षी कोरणे, पॉलिशचा वास. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वाद्याची दखल देशाने घेतली. ते घडवणाऱ्याच्या मानेची, डोळ्यांची आणि श्वासाची दखल अजून घ्यायची आहे. साताऱ्यात कंदी पेढ्याच्या कढईपुढे खवा हलवणाऱ्याचा खांदा आणि महाबळेश्वर-पाचगणीच्या हॉटेलांत हंगामात दिवसभर जिने चढणाऱ्या पोराचे पाय, हेही याच यादीत येतात.

राहिल्या कापडाच्या आणि भांड्यांच्या दुकानांतल्या मुली. त्यांचे काम वरवर हलके दिसते. दिवसभर उभे राहायचे, गिऱ्हाईक नसले तरी बसायचे नाही, आणि दुकानात स्वच्छतागृह नाही म्हणून पाणी कमी प्यायचे. दुपारचे पाणी टाळणारी ही मुलगी रोजेदार नसते. तिला तसे परिस्थितीने करायला लावलेले असते. लघवीच्या जंतुसंसर्गाची सुरुवात अनेकदा अशीच होते.

मालक का टाळतो?

छोट्या मालकाला कामगाराची पर्वा नसते, असे म्हणणे सोपे आहे, पण ते पुरते खरे नाही. मोठ्या कारखान्यात मालक आणि कामगार यांच्यामध्ये चार कचेऱ्या असतात. छोट्या दुकानात मालक नोकराच्या लेकीच्या लग्नाला जातो, उसने पैसे देतो, दवाखान्यात भेटायला जातो. अडचण वेगळीच आहे. आरोग्याच्या ज्या योजना त्याच्यापर्यंत येतात त्या मोठ्या कारखान्याच्या मापाने शिवलेल्या असतात. त्यांना आरोग्य अधिकारी लागतो, समिती लागते, नोंदवह्या लागतात. पाच माणसांच्या धंद्यात मालकच विक्री करतो, वसुली करतो, जीएसटीचे कागद लावतो आणि संध्याकाळी शटरही ओढतो. त्याच्या हातात आणखी एक वही दिली तर ती कोरीच राहणार.

दुसरी अडचण वेळेची. सरकारी दवाखान्यात रक्तदाब आणि साखर फुकट तपासली जाते. तिशीपुढच्या सर्वांची मधुमेह, रक्तदाब आणि ठरावीक कर्करोगांसाठी तपासणी करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आयुष्मान आरोग्य मंदिरांत चालतो. पण दवाखाना उघडा असतो त्या वेळेत दुकानही उघडे असते. रोजंदारीवरच्या माणसाला फुकटच्या तपासणीची किंमत अर्ध्या दिवसाच्या मजुरीने मोजावी लागते. म्हणून तो चक्कर येईपर्यंत थांबतो.

तिसरी अडचण बोलून दाखवली जात नाही. माणसे टिकत नाहीत, मग त्यांच्या तब्येतीवर खर्च कशाला, असे मालकाला वाटते. आणि तपासणीत काही निघाले तर मालक कामावरून काढेल, असे कामगाराला वाटते. दोघेही आपापल्या जागी गप्प बसतात आणि आजार आपले काम करत राहतो.

यात मालक स्वतःला विसरतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्रित अंदाज मांडला. आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो, असे त्यात म्हटले आहे. बारा तास गल्ल्यावर बसणारा दुकानदार सहा दिवसांतच ७२ तास भरतो. मोठ्या कंपनीत एखादा साहेब आजारी पडला तर दुसरा येतो. छोट्या धंद्यात मालक अंथरुणाला खिळला की शटर खाली येते आणि त्याच्यासोबत पाच घरांची चूल थंडावते. नफ्या-तोट्याच्या भाषेत बोलायचे झाले तरी धंद्याचा सगळ्यात मोठा बिनविम्याचा धोका हाच आहे.

उत्तर याच मातीतल्या माणसांनी दिले होते

एकट्या छोट्या मालकाला जे परवडत नाही ते सगळ्यांनी मिळून कसे करायचे, हे महाराष्ट्राने पूर्वी एकदा करून दाखवले आहे, आणि त्यात सातारा जिल्ह्याचा हात मोठा आहे. मुंबईच्या गोदीत आणि बाजारांत पाठीवर ओझी वाहणाऱ्या हमालांत सातारा-सांगलीकडचे लोक मोठ्या संख्येने होते. हमाल दिवसभरात दहा व्यापाऱ्यांचा माल वाहायचा, त्यामुळे त्यांतला कोणीच त्याचा मालक ठरत नव्हता. पाठ मोडली तर जबाबदार कोण, या प्रश्नाला उत्तर नव्हते. पाटण तालुक्यातून आलेल्या अण्णासाहेब पाटील यांनी या माणसांना संघटित केले आणि १९६९ मध्ये महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला.

या कायद्याची युक्ती साधी होती. व्यापारी छोटा असो वा मोठा, त्याने मजुरी आणि तिच्यावरची ठरावीक लेव्ही मंडळाकडे भरायची. भविष्यनिर्वाह निधी, रजा, वैद्यकीय मदत हे सगळे मंडळ पाहणार. म्हणजे जबाबदारीचे एकक एक दुकान राहिले नाही, तर सगळा बाजार झाला. पुढे नवी मुंबईत माथाडी कामगारांचे स्वतःचे रुग्णालयही उभे राहिले. मंडळांच्या कारभाराबद्दल तक्रारी आहेत, नोंदणीबाहेर राहिलेले हमाल आहेत, माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळली जाते अशीही ओरड आहे. पण मूळ कल्पना खोटी ठरलेली नाही. एकेका गाळ्याला जे जड जाते ते पन्नास गाळ्यांना हलके जाते.

पुण्यात बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. कष्टकऱ्याला कामाच्या जागेजवळ, परवडेल अशा दरात, पोटभर आणि सकस जेवण. तिला कोणी आरोग्य कार्यक्रम म्हटले नाही, पण चहा-वड्यावर दिवस काढणाऱ्या हमालासाठी तो आरोग्य कार्यक्रमच होता. सांगली जिल्ह्यात त्याहून जुना दाखला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर कारखाना हलवला तेव्हा तो मोजक्या कामगारांचा छोटाच धंदा होता. तरी त्यांनी कामगारांच्या राहण्याचा विचार कारखान्यासोबतच केला आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. धंदा मोठा झाल्यावर बघू, असे म्हणून ते थांबले नाहीत.

शिबिराने भागत नाही

छोट्या धंद्यांसाठी आरोग्याचे काम म्हटले की आपल्याकडे शिबिर डोळ्यांपुढे येते. मंडप, पाहुणे, हार, रक्तदाबाची रांग आणि दुसऱ्या दिवशी छायाचित्र. शिबिरात आजार सापडला तरी पुढच्या महिन्यात गोळी चालू आहे का हे कोणी विचारत नाही. वाढलेला रक्तदाब एका दिवसात सापडतो, पण तो आटोक्यात ठेवायला वर्षानुवर्षे लागतात.

दुसरी चूक अशी की सगळा उपदेश कामगारालाच केला जातो. तेल कमी खा, चाला, तंबाखू सोडा. १९९७ च्या लक्झेम्बर्ग जाहीरनाम्यात युरोपीय संस्थांनी कामाच्या ठिकाणच्या आरोग्याची व्याख्या केली. तीत त्यांनी माणसाच्या सवयींच्या आधी कामाची रचना आणि वातावरण सुधारणे ठेवले आणि त्यात कामगाराचा सहभाग मागितला. बारा तास उभे ठेवून चालण्याचा सल्ला देण्यात अर्थ नाही. केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतल्या कामगारांना बसण्याची सोय देणे कायद्यानेच बंधनकारक केले. त्याला एक बाक किंवा स्टूल लागते, आणि स्टुलाला सरकारी अनुदान लागत नाही.

अशी शहाणीव आपल्याकडे नवी नाही. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद साठवायची पेवे असायची. पेव उघडले की लगेच आत उतरायचे नाही, आधी हवा खेळू द्यायची, हा रिवाज होता. २००५ च्या पुराने बहुतेक पेवांची वाट लावली, पण त्या रिवाजामागचा विचार पूर कसा नेणार? आधी जागा सुरक्षित, मग माणूस आत. तेजाबाच्या खोलीला, यंत्रमागाच्या शेडला आणि हळदीच्या गोदामाला तोच नियम लावायचा आहे.

तपासणीचा कागद कोणाचा?

कामाच्या ठिकाणी तपासणी करायची तर एक अट आधी पक्की हवी. तपासणीचा निकाल ज्याचा त्याच्याच हातात पडला पाहिजे. मालकाला फार तर एवढेच कळावे की आपल्या पाच माणसांपैकी किती जणांनी तपासून घेतले. कोणाला साखर आहे, कोणाला क्षय आहे, कोणती मुलगी गरोदर आहे, हे त्याच्या वहीत जाण्याचे कारण नाही. ही हमी मिळाली नाही तर कामगार दंड पुढे करणार नाही आणि सगळा खटाटोप वाया जाईल. छोट्या गावात हे अधिक जपावे लागते, कारण तिथे एका काउंटरवरची गोष्ट दुसऱ्या काउंटरवर चहा येण्याआधी पोहोचते.

इथे रमजानच्या संदर्भात एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. या महिन्यात जकातीचा मोठा पैसा रुग्णांच्या मदतीसाठी जातो. डायलिसिस, हृदयाच्या शस्त्रक्रिया, औषधांची बिले. ती मदत मोलाची आहे. पण त्यातले कितीतरी मूत्रपिंडाचे आणि हृदयाचे आजार दहा वर्षांपूर्वी रक्तदाबाच्या पट्ट्याने सापडले असते. मात्र मालकाने आपल्या कामगाराचे देणे जकातीत धरता येत नाही, हे उलेमा स्पष्ट सांगतात. मजुराचा घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी, ही हदीस सगळ्यांना ठाऊक असते. हाताखालच्या माणसावर त्याला पेलणार नाही असे ओझे टाकू नये, आणि टाकलेच तर स्वतः हात लावावा, ही शिकवणही तितकीच पक्की आहे. ती कमी ऐकू येते एवढेच. धर्म कोणताही असो, कामगाराची तब्येत दानाच्या खात्यात न लिहिता हिशेबाच्या खात्यात लिहायला हवी.

या महिन्यातली संधी

महाराष्ट्रात तंबाखूचे दुखणे मुख्यतः चघळण्याचे आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीत राज्यातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेताना आढळले, आणि त्यात धुराविना तंबाखूचा वाटा फार मोठा होता. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पुडी मात्र मिळते. रोजेदार कामगार सहरीपासून इफ्तारपर्यंत तंबाखूला हात लावत नाही. दिवसाचे तेरा-चौदा तास ज्याला जमतात त्याला उरलेलेही जमू शकतात, फक्त ईदच्या दिवशी पहिली पुडी फोडू नये म्हणून शेजारी कोणी हवे. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही सरकारी मोफत सल्लासेवा आहे. हा क्रमांक कॅलेंडरशेजारी चिकटवायला काहीच लागत नाही. श्रावणात आणि वारीच्या दिवसांत इतर कामगारांच्या बाबतीतही अशीच संधी येते.

मधुमेही रोजेदाराचा प्रश्न अधिक नाजूक आहे. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याला भर दुपारी कामावर चक्कर येऊ शकते. रमजानच्या सहा-आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटून गोळ्यांच्या वेळा ठरवून घ्याव्यात, असे आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या मार्गदर्शनात सांगितले आहे. बोटाला सुई टोचून साखर पाहिल्याने रोजा तुटत नाही. ती ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर चढली तर रोजा सोडावा, असेही त्यात म्हटले आहे. आजाऱ्याला रोजा पुढे ढकलण्याची मुभा कुराणातच दिलेली आहे. शेजारच्या काउंटरवरच्या हिंदू सहकाऱ्याला एवढे माहीत असले, तर घाम फुटून हात थरथरू लागलेल्या माणसाला तो ‘थोडा वेळ बस’ एवढेच न म्हणता साखर देईल आणि डॉक्टरांना फोन करेल.

पेठ हेच एकक

मग करायचे काय? सगळ्यात आधी एकेका दुकानाला गाठण्याचा नाद सोडावा. कापड पेठ, खण आळी, सतारमेकर गल्ली, कुपवाडची किंवा साताऱ्याची औद्योगिक वसाहत, विट्याच्या मागांची एखादी गल्ली, हे एकक धरावे. व्यापारी संघटना जीएसटीसाठी एकत्र येतात, पार्किंगसाठी मोर्चा काढतात. त्याच बैठकीच्या विषयपत्रिकेवर आरोग्य येऊ शकते. हे अशक्य नाही, हे २०२१ मध्ये दिसले. करोनाच्या निर्बंधांच्या काळात दुकानांतल्या लोकांनी लवकर लस घ्यावी असा आदेश निघाला, आणि आरोग्य यंत्रणा बाजारापर्यंत पोहोचली. संकटात जी वाट सापडली ती रक्तदाबासाठीही वापरता येईल.

दुसरे, वेळ बाजाराची हवी. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी किंवा दुकान उघडण्याआधीच्या तासात आरोग्य मंदिराची किंवा ‘आपला दवाखाना’ची परिचारिका महिन्यातून एकदा पेठेत येऊन बसली, तर अर्ध्या दिवसाची मजुरी वाचते. ती दर महिन्याला तीच असली तर गोळी चालू आहे का हेही विचारले जाते. मिरजेत १८९४ मध्ये वॉन्लेस रुग्णालय सुरू झाले, तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. कराड आणि साताऱ्यातही वैद्यकीय महाविद्यालये आहेत. डॉक्टरांची एवढी दाटी असलेल्या पट्ट्यात पेठेला परिचारिका मिळू नये हे पटण्यासारखे नाही.

तिसरे, विमा. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार दहापेक्षा कमी कामगार असलेल्या धंद्यालाही स्वेच्छेने कर्मचारी राज्य विमा योजनेत येता येते. २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगारासाठी मालक ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो. १२ हजार पगारावर मालकाचे महिन्याला ३९० रुपये होतात आणि कामगाराचे ९०. त्यात कुटुंबासह उपचार मिळतात, आणि आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. अर्थात विम्याचा दवाखाना जवळ असेल तरच या कार्डाला अर्थ आहे, आणि ती मागणी पन्नास गाळ्यांनी मिळून केली तर तिला वजन येते. जर्मनीने २०१५ च्या कायद्याने आरोग्य विमा संस्थांनाच कामाच्या ठिकाणच्या आरोग्यावर पैसा खर्च करायला लावले आणि छोट्या उद्योगांना सल्ला देणारी केंद्रे काढायला लावली. माणूस आजारी पडला की बिल विमा संस्थेला येणार, मग आजार टाळण्याचे कामही तिचेच, हे त्यामागचे गणित. आपल्या विमा महामंडळालाही ते लागू पडते.

चौथे, प्रत्येक धंद्याने आपला एकच दोष यंदा दूर करावा. हळदीच्या गोदामात मास्क आणि हलके पोते, गलाईच्या खोलीत धूर ओढणारा पंखा, मागावर कानांत बोळे आणि पाळीचे कमी तास, सतारीच्या कारखान्यात उजेड आणि योग्य उंचीची बैठक, कापडाच्या दुकानात स्टूल आणि चार दुकानांत मिळून एक स्वच्छतागृह. काय बदलायचे हे मालकाने एकट्याने ठरवू नये. ज्याची पाठ दुखते त्याला आधी विचारावे.

दोन-अडीच हजारांचे रक्तदाबाचे यंत्र संघटनेच्या कचेरीत ठेवणे ही यातली सगळ्यात स्वस्त सुरुवात. ईदला आता थोडेच दिवस उरले आहेत. ईदनंतर पेठा पुन्हा आपल्या नेहमीच्या घड्याळावर जातील, आणि एप्रिल-मेचे ऊन त्यानंतर लगेच येईल. या महिन्यात ज्यांनी आपल्या माणसांची वेळ, सावली आणि विश्रांती जुळवून दिली, त्यांनी व्यापारी संघटनेच्या पुढच्या बैठकीत हा विषय मांडावा. पहिला पट्टा दंडाला बांधून घेण्याचे काम मात्र मालकानेच करावे. त्याचा आकडा पाहिल्यावर मागची रांग आपोआप लागते.